आटलेलं हूड आणि चव्वेचाळीस मिलिमीटर

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी होऊन आठवडाही झाला नव्हता. पाऊस भुरभुरत होता आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या दुकानासमोर एक लाल एमजीबी, जुनी उघडी इंग्लिश मोटार, येऊन थांबली. डोक्यावर ताडपत्री, मागच्या बंपरला सुतळीच्या गाठी. मालक साखर कारखान्यातून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. उतरल्या उतरल्या म्हणाले, "हूड आहे हो, चांगलं नवं आहे. पण लागत नाही. दोन ठिकाणी फिरून आलो. सगळे म्हणतात आटलंय, टाका आणि दुसरं मागवा."

आमचं काम कुशनचं आणि हूडचं, म्हणजे उघड्या गाडीच्या कापडी छपराचं. वडिलांनी आयुष्यभर जीपची हूडं शिवली, मी त्यांच्याच मशिनवर शिकलो. एमजीबीला त्याआधी एकदाच हात लावला होता, तोही सीटसाठी. तरी हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण 'आटलंय' या एका शब्दाखाली पाच वेगवेगळे दोष झाकले गेले होते. त्यातला खरा आटण्याचा वाटा निम्म्याहून कमी निघाला. हाच शब्द ऐकून चांगली हूडं भंगारात जातात, हे मी पाहिलेलं आहे आणि ते मनाला लागतं.

गाडी आधी समजून घेऊ. एमजीबी इंग्लंडमध्ये एबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत बनली. ही १९६७ची, १७९८ सीसी इंजिनाची. हिला जीपसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. समोरच्या काचेला स्वतःची चौकट असते आणि ती चौकट दोन्ही बाजूंना दोन-दोन बोल्टांवर बॉडीला धरलेली असते. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे. हूड तेव्हा दोन तऱ्हेचं मिळायचं. एकात नळ्यांचा सांगाडा सुटा करून डिकीत ठेवायचा, दुसऱ्यात तो सीटच्या मागे घडी होऊन बसतो. या गाडीला घडीचं होतं.

हूड तीन जागी धरलं जातं. मागे कापडात एक दांडी असते, ती डिकीच्या पुढच्या पत्र्यावरच्या दोन पकडींत अडकते. दारांच्या मागे बॉडीवर खुंट्या आणि टिचबटणं, त्यांवर कापडातल्या टोप्या बसतात. आणि पुढे एक लोखंडी पट्टी असते. कापडाची पुढची कड तिच्यावर गुंडाळून सोल्युशनने चिकटवलेली असते. ही पट्टी काचेच्या चौकटीवर टेकवायची आणि डावा-उजवा असे दोन खटके लावायचे. या तीन जागांच्या मध्ये कापड कमानींवरून जातं. आमच्या गाडीत मागची दांडी अडकत होती, टोप्या कशाबशा बसत होत्या, पण पुढची पट्टी काचेपर्यंत पोचत नव्हती.

मी साहेबांना पहिला प्रश्न विचारला, "हे शेवटचं लावलं कधी?"

ते जरा थांबले. हूड पाच वर्षांपूर्वी इंग्लंडहून मागवलेलं, काळ्या व्हिनाइलचं. त्याच सुमारास दुसऱ्या शहरात गाडीचं पूर्ण पेंटिंग झालं आणि त्याच गॅरेजने हूड पट्टीला चिकटवून दिलं. तेव्हा एकदा लावून दाखवलं होतं, तेही जोर करून. त्यानंतर गाडी फक्त हिवाळ्यात सकाळी बाहेर निघायची, उघडीच. पाच वर्षं हूड सीटमागे घडी होऊन पडलेलं, आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये.

इथे जीपच्या ताडपत्रीचा अनुभव थोडा बाजूला ठेवावा लागतो. सुती कॅनव्हास पाण्याने आटतो. भिजला की सूत फुगतं, कापड ताणलं जातं, वाळलं की पुन्हा सैल पडतं. वडील नवीन हूड बेतताना पहिल्या पावसाचा आट धरूनच बेतायचे. व्हिनाइलचं तसं नाही. व्हिनाइल म्हणजे कापडाच्या पाठीवर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक, आपल्या घरातला पाण्याचा पाइप असतो तसा. त्यात तेलासारखा प्लास्टिसायझर मिसळतात म्हणून तो मऊ होतो. हा प्लास्टिसायझर वर्षानुवर्षं थोडा थोडा उडत राहतो, उन्हाने आणि उष्णतेने लवकर उडतो. तो गेला की थर कडक होतो आणि आकसतो, आणि आपल्याबरोबर पाठीचं कापडही ओढून घेतो. हूड ताणून लावलेलं असेल तर आकसायला त्याला वाव कमी मिळतो. घडी करून ठेवलेल्याला अडवणारं कोणीच नसतं. साहेबांना वाटत होतं की हूड न वापरल्यामुळे नवं राहिलं. घडीत पडून राहणं हेच त्याला बाधलं होतं.

अजून एक गोष्ट हळूच कळली. ड्रायव्हर हूड पेट्रोलच्या फडक्याने पुसायचा, चमक येते म्हणून. पेट्रोल, थिनर, रॉकेल ही व्हिनाइलची वैरी आहेत. आत उरलेला प्लास्टिसायझर ती बाहेर काढतात. पुसल्यावर दोन दिवस काळंभोर दिसतं आणि महिन्याने कडक होतं. गेलेला प्लास्टिसायझर कुठलंही पॉलिश परत आत घालू शकत नाही. हात धुवायच्या साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, एवढंच पुरतं.

मग हूड वाचण्यासारखं आहे का, हे आधी पाहिलं. आमची परीक्षा साधी आहे. कडेचा कोपरा दुमडून अंगठ्याने दाबायचा आणि उलगडून उजेडात बघायचं. पांढरी रेष उमटून विरली तर कापडात जीव आहे. चीर राहिली, आतलं सूत दिसलं, तर पुढे जायचं नाही. मागची पारदर्शक काच, म्हणजे तीही पीव्हीसीचीच, वळवताना कट्‌कट् आवाज करते का ते ऐकायचं. या हुडाची पांढरी रेष विरली. काच किंचित पिवळी, पण मऊ. फक्त मागच्या काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ७० मिमी शिवण उसवली होती. आधीच्या एका गॅरेजने पुढच्या पट्टीला सामान आवळायचा रॅचेटचा पट्टा बांधून बंपरपर्यंत ओढलं होतं. ओढ पुढून लागली आणि जिथे सगळ्यात कच्चं होतं तिथे फाटलं. मला मालकाचा जीव कळवळलेला दिसत होता. मी म्हटलं, हे शिवता येईल, पण आता कोणीही हे ओढायचं नाही. आधी मोजायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागची दांडी अडकवली, टोप्या बसवल्या, सांगाडा उभा केला आणि हाताने येईल तेवढीच पट्टी पुढे आणली. पट्टीपासून काचेच्या चौकटीपर्यंतचं अंतर: डावीकडे ४४ मिमी, उजवीकडे ३७.

हे दोन आकडे मी भिंतीवर खडूने लिहिले आणि चहा होईपर्यंत बघत बसलो. ७ मिमीचा फरक कशाचा? एकाच ताग्यातून बेतलेलं कापड, एकाच शेडमध्ये पडलेलं, डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी आटायचं कारण काय? कापड सरसकट आटतं. डावं-उजवं वेगळं येत असेल तर खोट लोखंडात आहे.

एमजीबीच्या दारात पुढे एक छोटी तिकोनी काच असते. तिची पुढची कड समोरच्या काचेच्या खांबाला रबराने भिडते. उजव्या दारात ही फट खालून वर सारखी होती. डाव्या दारात ती खाली करंगळीचं नखही जाणार नाही इतकी, आणि वर आख्खी करंगळी जाईल एवढी. डावा खांब पुढे कलला होता. मग मागच्या पकडीपासून चौकटीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना फीत लावली. डावी बाजू लांब भरली. पेंटिंगच्या वेळी चौकट काढली असणार आणि बसवताना डाव्या पायाखालची पॅकिंग चुकली असणार. चौकट एक अंश पुढे कलली की तिची वरची कड साधारण सहा मिलिमीटर पुढे जाते, आणि ते सहा मिलिमीटर हुडाच्या नावावर कमी म्हणून पडतात.

चौकटीचे बोल्ट डॅशबोर्डच्या आत, पार कोपऱ्यात. माझा हात गेला नाही. आमच्याकडे काम करणारा पोरगा बारीक अंगाचा, तो सीट काढून उताणा आत शिरला. बोल्ट सैल करायच्या आधी काचेच्या मधोमध जी उभी सळई असते, आरसा जिच्यावर बसतो ती, तिचा नट सोडला. नाहीतर चौकट एका जागी धरलेली आणि दुसरीकडे मोकळी राहते आणि काचेला पीळ बसतो. या काचेला पर्याय कोल्हापुरात मिळणार नव्हता, त्यामुळे त्या दिवशी दुकानात रेडिओसुद्धा लावला नाही. पॅकिंग सरळ केली, दोन्ही दारांच्या तिकोनी काचा भिडवून बघितल्या, मग बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. सकाळी दहाला सुरू केलं ते दिवेलागणीला संपलं. पोराच्या मनगटाला ओरखडेच ओरखडे. पण हुडाची पट्टी आणि चौकट यांच्यातली फट आता डावीकडे ३६ आणि उजवीकडे ३५ आली होती. एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला दोन मिलिमीटर मिळाले, कापडाला हातही न लावता.

पुढचे दोन दोष पटकन सापडले. पुढच्या पट्टीखालचं रबर मूळ घडणीचं नव्हतं, कुठल्यातरी मोटारीच्या दाराचं जाड बीडिंग रिव्हेट मारून बसवलेलं. ते काढून पातळ, पोकळ पोटाचं रबर लावलं. आणि कमानींवर कोणीतरी एसीच्या पाइपला गुंडाळतात तो काळा फोम चढवला होता, खडखड येऊ नये म्हणून. हेतू चांगला, पण कमान वर गेली की कापडाला तेवढा लांबचा वळसा पडतो. फोम काढला आणि जुन्या पद्धतीने पातळ नवारीची पट्टी गुंडाळली. दोन्ही मिळून आठ मिलिमीटर सुटले. फट २८ आणि २७.

आता कापडाकडे जायला हरकत नव्हती.

पुढच्या पट्टीवर कापडाची कड गुंडाळून आत चिकटवलेली असते हे वर सांगितलंच. ती किती आत गेली आहे हे बाहेरून कळत नाही. चप्पल बनवणारे कारागीर कातडं सोलायला जी रापी वापरतात तशी एक बोथट रापी आमच्याकडे आहे. ती कडेखाली सरकवत, मधून मधून हेअर ड्रायरची ऊब देत, चाळीस मिनिटं लागली. कड सोडवली तर आत ४० मिमी कापड वळवलेलं. चिकटायला पंचवीस-सत्तावीस पुरे झालं असतं. पाच वर्षांपूर्वी ज्याने हे केलं त्याने कड सरळ कापायचा कंटाळा केला आणि सगळं आत लोटलं. हूड तेव्हाही जोर करूनच लागलं होतं, ते यामुळेच.

कड १२ मिमी मोकळी करून पुन्हा चिकटवली. इथे सोल्युशनबद्दल आवर्जून लिहितो, कारण आमच्याच धंद्यात ही चूक सर्रास होते. कुशनला आपण जे पिवळं सोल्युशन वापरतो ते व्हिनाइलवर आज पक्कं धरतं आणि दोन उन्हाळ्यांनी चिकट गाळासारखं होऊन सुटतं. पीव्हीसीतला प्लास्टिसायझर त्यात उतरतो आणि त्याला मऊ करतो. पीव्हीसीच्या तळव्यांना बुटाचे कारागीर पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, सोल्युशन लावतात, तेच इथे लागतं. दोन्ही बाजूंना पातळ हात द्यायचा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत सुकू द्यायचं, मग ऊब देऊन दाबायचं. एक पूर्ण दिवस ओढ द्यायची नाही. जुन्या घडीची एक फिकट रेष आता पट्टीच्या मागे, उघड्यावर आली. साहेबांना ती खुपत होती. मी सांगितलं, ही जाणार नाही. काळा रंग मारून झाकता येईल, पण तो सोलला की जास्त वाईट दिसेल. त्यांनी राहू दिली.

उसवलेली शिवण ओढ द्यायच्या आधी दुरुस्त केली, मशिनवर नव्हे, हाताने, जुन्याच भोकांतून. व्हिनाइलमध्ये जुन्या टीपेच्या बाजूला नवी टीप मारली तर पोस्टाच्या तिकिटासारखी फाडायची रेघ तयार होते. पॉलिस्टरचा बाँडेड दोरा घेतला, आतून कापडी फीत धरली, म्हणजे ओढ एका टाक्यावर न येता हातभर लांबीत वाटली जाईल.

आता उरले १६ आणि १५. हे मात्र खरं आटणं. तेवढं कापडाकडूनच परत मिळवायचं होतं.

व्हिनाइल उबेत मऊ होतं आणि उबेत ताण धरून ठेवला तर हळूहळू वाढतं. गार होईपर्यंत ताण तसाच राहिला तर वाढ बरीचशी टिकते. गार कापड झटक्यात ओढलं तर काहीच वाढत नाही, शिवण जाते. हीट गनचा मी विचारच सोडला. तिची झळ एका टिचभर जागेला बसते, तेवढाच थर वितळतो, आणि पारदर्शक काचेला तर लाटा येतात त्या कायमच्या. सगळं हूड एकसारखं तापायला हवं होतं आणि त्यासाठी ऊन लागतं. सप्टेंबरमध्ये कोल्हापुरात ऊन कुठून आणायचं? मी साहेबांना सांगितलं, थांबूया. त्यांना खंडेनवमीच्या पूजेला गाडी हूड चढवून उभी करायची होती. लहानपणी दसरा चौकात महाराजांची मेबॅक मोटार बघायला वडिलांच्या खांद्यावर बसून जायचे, तेव्हापासूनचं हे वेड. मनातून वाईट वाटलं, पण नाही म्हटलं. पूजा उघड्या गाडीची झाली.

दसऱ्यानंतर आभाळ मोकळं झालं, ऑक्टोबर हीट सुरू झाली. शेजारच्या फाउंड्रीतून लांबून तपमान दाखवणारी बंदूक मागून आणली. दुपारी साडेबाराला सावलीत ३२ अंश होते आणि काळ्या हुडावर ५६. काचेची पीव्हीसी साठच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून तिच्यावर पांढरा पंचा ओला न करता नुसता पसरला.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून चूक झाली. ऊन उतरायच्या आत काम उरकावं म्हणून मी उजवा खटका आधी ओढून लावला. लागलाही. वाटलं, डावाही येईल. पण एक बाजू धरली गेल्यावर पट्टी तिरकी झाली, सगळी ओढ कर्णाने डाव्या मागच्या कोपऱ्यात गेली आणि तिथली एक टोपी कापडासकट निघाली. आवाज लहानसाच, पण माझ्या पोटात गोळा आला. एवढे दिवस मोजून मापून केलं आणि शेवटी मीही ओढलंच. साहेब तिथेच खुर्ची टाकून बसले होते. ते काही बोलले नाहीत. पोराने पुढे होऊन खटका सोडला.

त्या संध्याकाळी मी सुभाषनगरात एका मामांकडे गेलो. चाळीसेक वर्षं कोल्हापुरी चपला करतात, आमच्या वडिलांचे दोस्त. टोपीखाली बसवायला कातड्याची चकती कापून घ्यायची होती. काय झालं ते सांगितल्यावर त्यांनी हातातली आरी खाली ठेवली. "एका बाजूनं वढलास की दुसऱ्या बाजूला चुणी पडणारच की. दोन्हीकडनं, थोडं थोडं. आन् प्रत्येक वेळी किती वढलंस ते कळाय पायजे." मग त्यांनीच उपाय काढला. म्हशीच्या कातड्याच्या दोन पट्ट्या, बोटभर रुंद, एका टोकाला बक्कल, आणि पट्टीवर पाच-पाच मिलिमीटरवर सरळ ओळीत भोकं. ही पट्टी खटक्याच्या आकड्यातून आणि चौकटीवरच्या पकडीतून ओवायची. खटका पोचत नाही तिथे पट्टी पोचते, आणि बक्कल एकेक भोक पुढे घ्यायचं. कितीतरी वर्षं मी ताण अंदाजाने देत आलो आहे. त्या पट्टीने तो मोजता यायला लागला.

चकती सोल्युशन आणि टाके दोन्हीने बसवली, वरून टोपी पुन्हा ठोकली. बॉडीवरची खुंटी मागे-पुढे सरकवून हा सगळा त्रास वाचला असता, असं कोणी म्हणेल. मला तसं सुचवलंही गेलं होतं. पण नवीन भोक पाडलं की त्या पत्र्यात पाणी शिरतं, आणि ज्या गाडीची बॉडी हाच सांगाडा आहे तिच्यात गंज म्हणजे पायाच कुजणं. कापड दुसरं आणता येतं.

दुसऱ्यांदा असं केलं. मागची दांडी आधी, मग दोन्ही बाजूंच्या टोप्या, सांगाडा अर्धवट उभा. अकरा वाजल्यापासून हूड उन्हात तापू दिलं. कमानींचा कोपरासारखा सांधा हळूहळू सरळ करत नेला. या सांध्याची जोखीम ओळखून असावं लागतं. तो वाकलेला असताना हाताला जोर लागतो आणि कापडावर ओढ कमी येते. सरळ व्हायच्या बेतात आला की हाताला हलकं वाटतं आणि कापडावर प्रचंड ओढ येते. गुडघ्याने दाबून सरळ करणारे इथेच फसतात. आम्ही शेवटचा बोटभर भाग सोडून दिला, खाली लाकडाचा टेकू दिला आणि पट्ट्या लावल्या. पोरगा डावीकडे, मी उजवीकडे. "घे" म्हटलं की दोघांनी एकदमच एक भोक. मग अर्धा तास काही करायचं नाही. हात कापडावर ठेवून बघायचं. ओढ दिल्यावर हूड तबल्यासारखं वाजतं, वीस-पंचवीस मिनिटांनी आवाज उतरतो. उतरला की पुढचं भोक.

पहिल्या दिवशी एकच भोक मिळालं. दुसऱ्या दिवशी दुसरं, आणि संध्याकाळी कापड गार होईपर्यंत पट्ट्या तशाच ठेवल्या, रात्रभर. तिसऱ्या दिवशी टेकू काढला. दुपारी दोन वाजता उरलेली फट पाच-सहा मिलिमीटर होती. पट्ट्या काढल्या, दोघांनी एकाच वेळी खटके धरले आणि एकाच वेळी लावले. हाताच्या जोराने लागले, अंगाच्या नाही. मागच्या काचेच्या टाक्यांवरून मी बोट फिरवलं, एकही टाका पांढरा पडला नव्हता. साहेब आत जाऊन बसले, दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. काच खाली करून म्हणाले, "पाच वर्षांत पहिल्यांदा आत बसून वर छप्पर दिसलं."

हूड लावून ठेवा, उघडू नका, संक्रांतीपर्यंत, असं सांगून गाडी दिली. ताण टिकायला वेळ लागतो. हिवाळ्याच्या सकाळी तर उघडूच नका, गार पीव्हीसीची काच घडीत चिरते. आणि गाडी उभी करताना हूड चढवूनच उभी करायची, यापुढे नेहमी.

चार दिवसांनी परतीचा पाऊस आला तेव्हा ते मुद्दाम पन्हाळ्याला निघाले, केर्लीवरून वाघबीळपर्यंत धो धो पावसात. तिथून फोन आला, डाव्या कोपऱ्यात थेंब येतोय. मी गाडी परत बघितली. खांबाच्या माथ्याशी नव्या रबराचं टोक तोकडं कापलं गेलं होतं. ते कापणं माझंच. तुकडा जोडण्यापेक्षा सगळं रबर पुन्हा एकसंध घातलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

संक्रांत झाल्यावर, जानेवारीच्या अखेरीस, दुपारच्या उन्हात हूड पहिल्यांदा उघडलं. तासभर उघडं ठेवून परत चढवलं. फट ४ मिमी, दोन्हीकडे सारखी. खटके अंगठ्याने लागले. त्या दोन कातडी पट्ट्या मी साहेबांना देऊन टाकल्या, त्या गाडीतच असतात. ज्या भोकावर शेवटचं बक्कल होतं त्याच्याभोवती मामांनी लाल दोऱ्याची खूण घातली आहे.